संगमरवरी रंगकाम : अनुकरण, भ्रांती आणि औचित्य
(बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक समीक्षा)

प्रस्तावना

घर, मंदिर, मंगल कार्यालय किंवा नाट्यगृह यांच्या खांबांवर, भिंतींवर आणि चौकटींवर केवळ रंगाच्या साहाय्याने संगमरवराचा आभास निर्माण करणे हे एक स्वतंत्र कसब आहे. ते व्यवसाय म्हणून करणारा कारागीर मात्र मराठी समाजात 'पेंटर' किंवा 'रंगारी' या सर्वसाधारण नावानेच ओळखला जातो. चित्रकलेची समीक्षा मराठीत झाली आहे, शिल्प आणि वास्तू यांच्यावरही लेखन झाले आहे. परंतु या दोहोंच्या सीमेवर उभ्या असलेल्या या कामाकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. त्याविषयी सामान्यतः दोनच अभिप्राय ऐकू येतात. काम चांगले वठले तर 'हुबेहूब' आणि मनास आले नाही तर 'नकली'. पहिल्या शब्दात कौतुक आहे व दुसऱ्यात निषेध आहे, परंतु कशाचे कौतुक आणि कशाचा निषेध, याचा उलगडा दोन्ही शब्द करीत नाहीत.

प्रस्तुत लेखात या कामाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी पाश्चात्त्य वास्तुविचारातील जॉन रस्किन यांचा आक्षेप आणि भारतीय काव्यशास्त्रातील अनुकरण, भ्रांती व औचित्य या संकल्पना यांचा आधार घेतला आहे. विवेचनाची भूमी म्हणून बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके निवडले आहेत. या निवडीचे कारण पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

१. काळ्या पाषाणाचा प्रदेश

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके दख्खनच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकावर वसले आहेत. येथील नैसर्गिक दगड काळा किंवा करडा आहे. संगमरवर हा चुनखडकावर उष्णता व दाब यांचा परिणाम होऊन तयार होणारा रूपांतरित खडक असून तो या परिसरात सापडत नाही. महाराष्ट्रात तो आढळतो तो पूर्व विदर्भात. आणि बांधकामासाठी प्रसिद्ध असलेला पांढरा संगमरवर येतो तो राजस्थानातील मकराण्याहून. याचा अर्थ असा की, या परिसरातील कोणत्याही वास्तूत दिसणारा संगमरवर एकतर दुरून आणलेला असतो किंवा रंगवलेला असतो. तो येथल्या मातीचा नसतो.

या भागातील जुन्या बांधकामाची साक्ष काळ्या पाषाणाचीच आहे. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यानंतर इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन मंदिर जलाशयाखाली गेले. पाणी खूप ओसरले की ते उघडे पडते आणि ते पाहण्यासाठी लोक गर्दी करतात. त्या वेळी लोकांना आकर्षित करतो तो कोणत्याही रंगाशिवायचा दगड. भीमा-नीरा संगमावरील नीरा नरसिंहपूर असो की कऱ्हेकाठची बारामतीतील जुनी मंदिरे असोत, या परिसराचे सौंदर्यविषयक मूळ संस्कार दगडाच्या काळेपणाशी निगडित आहेत.

असे असताना संगमरवराची ओढ कोठून आली? एक कारण आर्थिक आहे. १८८५ च्या सुमारास सुरू झालेला नीरा डावा कालवा, त्यानंतरची उसाची बागायत, वालचंदनगरची औद्योगिक वसाहत आणि पुढे उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने यांमुळे या भागात नवा पैसा आला. त्या पैशाने बंगले बांधले, मंदिरांचे सभामंडप वाढवले आणि मंगल कार्यालये उभी केली. दुसरे कारण सांस्कृतिक आहे. वैभव म्हणजे पांढरा, गुळगुळीत, शिरांचा दगड ही कल्पना राजवाड्यांच्या वर्णनांतून, नाटकांच्या पडद्यांतून, छापील देवचित्रांतून आणि चित्रपटांतून घरोघर पोहोचली होती. जी वस्तू जवळ नाही तिची प्रतिमा मात्र जवळ होती. संगमरवरी रंगकामाचा व्यवसाय नेमका या दोहोंमधील अंतरात उभा राहिला.

२. कामाचे स्वरूप

मूल्यमापनापूर्वी कामाची प्रक्रिया समजून घेणे आवश्यक आहे. पृष्ठभागावर पुट्टी भरून काचकागदाने घासकाम केले जाते. प्रायमरनंतर फिक्या ऑइलपेंटचे दोन-तीन हात दिले जातात. ही जमीन जितकी सपाट, तितका पुढचा आभास पक्का होतो. त्यावर जवसाचे तेल व टर्पेंटाइन मिसळून पातळ केलेला, पारदर्शक रंग पसरवला जातो आणि तो ओला असतानाच स्पंज, चिंधी किंवा चुरगाळलेल्या कागदाने टिपून ढगाळ छटा निर्माण केल्या जातात. शिरा काढण्यासाठी बारीक कुंचला किंवा पक्ष्याचे पीस वापरतात. काढलेली शीर मऊ, कोरड्या ब्रशने हलकेच फिरवून पुसट केली जाते, म्हणजे ती पृष्ठावर न दिसता दगडाच्या आत खोल असल्यासारखी वाटते. शेवटी व्हार्निश.

या प्रक्रियेत यांत्रिक भाग थोडा आणि निरीक्षणाचा भाग मोठा आहे. खऱ्या संगमरवरातील शिरा या मूळ चुनखडकातील माती, लोह इत्यादी अशुद्ध द्रव्यांच्या खुणा असतात. दगडावर पडलेल्या दाबामुळे त्यांना एक सर्वसाधारण दिशा असते. त्या जाड होतात, बारीक होतात, फुटतात, मध्येच हरवतात. नवशिक्या कारागिराच्या हातून त्या झाडाच्या फांद्यांसारख्या किंवा विजेच्या रेषांसारख्या होतात, एकमेकींना फुलीसारख्या छेदतात किंवा ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतात. जाणकार कारागीर खांबावर आधी सांधे आखतो. पाथरवटाने जेवढ्या आकाराचा दगड बसवला असता तेवढाच तुकडा तो मानतो आणि एका तुकड्यातील शीर सांध्यापलीकडे सरळ पुढे नेत नाही, कारण तो 'दुसरा दगड' असतो. येथे कारागीर केवळ दगडाच्या दृश्य रूपाचे अनुकरण करीत नाही. दगड कसा घडला आणि तो कसा बसवला गेला असता, याच्या नियमांचे अनुकरण करतो. दोहोंतील हा फरक समीक्षेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे.

३. परंपरेचा धागा

हे काम आधुनिक किंवा हलक्या प्रतीचे मानले जाते, परंतु त्याची परंपरा दीर्घ आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पाँपेई येथील घरांच्या भिंतींवर गिलाव्यात रंगीत संगमरवरी चिऱ्यांचा आभास निर्माण केलेला आढळतो. एकोणिसाव्या शतकात टॉमस केरशॉ या इंग्रज कारागिराने १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात आपल्या लाकूड व संगमरवर यांच्या रंगीत अनुकृती मांडून पदक मिळवले. ब्रुसेल्स येथे १८८२ साली या कामाचे शिक्षण देणारी व्हान डेर केलेन यांची संस्था सुरू झाली. घनवादाचे एक प्रवर्तक जॉर्ज ब्राक हे रंगकाम करणाऱ्या कुटुंबातील होते आणि त्यांनी तरुणपणी हेच कसब शिकले होते. १९११-१२ च्या सुमारास त्यांनी लाकडाच्या रेषांचा आभास आपल्या चित्रांत आणला तेव्हा कारागिराची युक्ती आधुनिक कलेचा प्रश्न बनली.

महाराष्ट्रात या कसबाचा जवळचा आप्त म्हणजे रंगभूमीचा पडदा होय. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आल्यानंतर बहरलेल्या संगीत नाटकाला महाल, रस्ता, अरण्य असे रंगवलेले पडदे लागत. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव हे मेस्त्री बंधू अशा पडद्यांसाठी विख्यात होते. बाबूराव पुढे 'सैरंध्री' (१९२०) सारख्या मूकपटांचे निर्माते झाले, परंतु समाजात ते राहिले 'बाबूराव पेंटर' या नावानेच. कारागिराच्या व्यवसायाचे नाव आडनाव म्हणून सन्मानाने रूढ झाले, असे हे मराठीतील ठळक उदाहरण आहे. आज गावातील 'पेंटर'ला तो सन्मान मिळत नाही, याची नोंद येथे घेतली पाहिजे.

४. रस्किन यांचा आक्षेप

या कामावरील सर्वांत कठोर टीका जॉन रस्किन यांनी १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' या ग्रंथातील सत्यविषयक प्रकरणात केली. वास्तूतील फसवणुकीचे त्यांनी तीन प्रकार सांगितले : रचनेचा वा आधाराचा खोटा भास; पृष्ठभागावर रंग देऊन तो दुसऱ्याच द्रव्याचा असल्याचे दाखवणे; आणि हातकामाच्या जागी साच्यातील वा यंत्रावरील अलंकरण वापरणे. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून त्यांनी लाकडावरील संगमरवरी रंगकामाचाच उल्लेख केला आहे.

रस्किन यांचा युक्तिवाद नैतिक स्वरूपाचा आहे. त्यांच्या मते वास्तू ही बोलते आणि म्हणून तिने खोटे बोलता कामा नये. परंतु याच विवेचनात त्यांनी एक अपवाद केला आहे. वास्तूवरील सोन्याचा मुलामा ही फसवणूक नव्हे, कारण तेथे कोणी ते भरीव सोने समजत नाही. दागिन्यावर तोच मुलामा मात्र फसवणूक ठरतो. या अपवादाचा अर्थ बारकाईने पाहिला तर असे दिसते की, दोष द्रव्याच्या अनुकरणात नसून पाहणाऱ्याच्या समजुतीत निर्माण होणाऱ्या चुकीत आहे. मग जेथे पाहणाऱ्याची समजूत चुकत नाही, तेथे संगमरवरी रंगकामही निर्दोष मानावे लागेल. रस्किन हा निष्कर्ष काढीत नाहीत. परंतु त्यांच्याच तर्कातून तो निघतो. त्यामुळे प्रश्न असा उरतो की, रंगवलेला संगमरवर पाहताना पाहणाऱ्याला नेमके कोणत्या प्रकारचे ज्ञान होते?

५. चित्रतुरगन्याय आणि त्याची मर्यादा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना भारतीय काव्यशास्त्र अधिक उपयुक्त ठरते. रससूत्राचे स्पष्टीकरण करताना शंकुकाने नटाच्या ठिकाणी प्रेक्षकाला होणारी रामाची प्रतीती चित्रातील घोड्याच्या दृष्टांताने समजावली. चित्रातील घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो. हे ज्ञान सम्यक् नाही, कारण घोडा तेथे नाही. मिथ्या नाही, कारण आपली फसगत झालेली नाही. संशयात्मक नाही आणि केवळ सादृश्याचेही नाही. या चारही प्रकारांहून ते निराळे आहे. भट्टतौतांनी शंकुकाच्या अनुकरणवादाचे खंडन केले आणि अभिनवगुप्तांनी ते स्वीकारले, हे खरे. तथापि तो वाद रसाच्या स्वरूपाविषयीचा आहे. कलाकृतीच्या ठिकाणी होणारे ज्ञान हे खरे-खोटे या द्वंद्वात बसत नाही, हे शंकुकाचे निरीक्षण त्या खंडनानंतरही उपयोगाचे राहते.

मात्र हा दृष्टांत संगमरवरी रंगकामाला जसाच्या तसा लागू पडत नाही. चित्रातील घोड्याला चौकट असते. नाटकाला रंगमंचाची सीमा असते. रंगवलेल्या खांबाला अशी कोणतीही चौकट नसते. तो खांब खरोखरच तेथे असतो, छत खरोखरच पेलतो आणि लोक त्याला टेकून बसतात. म्हणून येथे भ्रांतीचा धोका चित्रापेक्षा अधिक आहे. या धोक्यावर उपाय करतो तो स्पर्श. संगमरवर हाताला थंड लागतो, रंगवलेले लाकूड तसे लागत नाही; टिचकी मारली तर आवाज निराळा येतो. पहिल्या क्षणी डोळ्याला भ्रांती होते, दुसऱ्या क्षणी हात ती दूर करतो आणि तिसऱ्या क्षणी डोळा पुन्हा त्याच शिरांकडे, आता जाणतेपणाने, पाहतो. चित्रतुरगाचे ज्ञान येथे या तिसऱ्या क्षणी सिद्ध होते. उत्तम कामाची कसोटीही तेथेच लागते. भ्रांती दूर झाल्यावर ज्या कामाकडे पुन्हा पाहावेसे वाटत नाही ते केवळ फसवणुकीवर उभे होते, असे म्हणावे लागेल.

अलंकारशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर 'भ्रांतिमान' अलंकारात एक वस्तू दुसरीच समजली जाते. 'उत्प्रेक्षे'त ती 'जणू' दुसरी आहे अशी संभावना केली जाते. सामान्य काम पाहणाऱ्याला भ्रांतीत ठेवू पाहते. उत्तम काम भ्रांतीतून उत्प्रेक्षेकडे नेते.

६. मयसभेचा धडा आणि औचित्याचा निकष

द्रव्याच्या आभासाची सर्वपरिचित भारतीय कथा महाभारताच्या सभापर्वातील मयसभेची आहे. ती संपूर्ण महाभारताच्या ओघात मोरोपंतांच्या 'आर्याभारता'तून मराठीत आली, आणि मोरोपंतांचे (१७२९-१७९४) काव्यलेखन झाले ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीतच. त्यामुळे या परिसराला ही कथा परकी नाही. दुर्योधन स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून वस्त्रे सावरतो आणि पाण्याला भूमी समजून त्यात पडतो. पाहणारे हसतात. मयासुराचे कौशल्य अजोड होते, यात शंका नाही. तरी ही सभा अपमानाचे आणि पुढील अनर्थाचे निमित्त ठरली, कारण पाहणाऱ्याला चूक सुधारण्याचा अवसर तिने दिला नाही. तेथे दुसरा क्षण आला तो लज्जेचा. तिसरा, आनंदाचा क्षण आलाच नाही. मोरोपंतांच्या यमकबद्ध आर्यांवरही कृत्रिमतेचा आक्षेप घेतला गेला. परंतु वाचकाला ते यमक यमक म्हणूनच कळते, त्याची फसगत होत नाही. कृत्रिमता आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचे जीवित मानले. संगमरवरी रंगकामालाही हाच निकष लागू होतो. जेथे खरा संगमरवर बसवणे शक्य व संभाव्य होते तेथेच त्याचा आभास शोभतो, हा जाणकार कारागिरांचा संकेत औचित्याचाच एक प्रकार आहे. सभामंडपातील सिमेंटच्या खांबावर तो शोभेल. लाकडी दाराच्या बारीक पट्टीवर किंवा लोखंडी गजावर तो हास्यास्पद होईल. स्वयंपाकघराच्या छताला संगमरवराच्या शिरा काढणे म्हणजे अंगठी नाकात घालण्यासारखे आहे.

७. पाषाणावरील आवरण

औचित्याचा सर्वांत गंभीर भंग मात्र निराळाच आहे. सिमेंट, गिलावा किंवा साधे लाकूड यांना स्वतःचे असे दर्शनी रूप फारसे नसते. त्यांवर रंग देणे ही रीतच आहे. परंतु घडीव काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढवून त्याला पांढऱ्या दगडाचे रूप देणे ही गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रातील अनेक जुन्या मंदिरांच्या बाबतीत भक्तिभावाने आणि वर्गणी काढून हे घडले आहे. चुन्याची सफेदी दगडातील ओल बाहेर जाऊ देते. ऑइलपेंटचा थर ती कोंडून ठेवतो, मग रंगाचे पापुद्रे सुटतात, पुन्हा नवा हात दिला जातो आणि कोरीवकामाच्या कडा एकेका थराखाली बुजत जातात. येथे नसलेल्या द्रव्याचा आभास निर्माण होतोच, शिवाय असलेले द्रव्य नाहीसे केले जाते.

या ठिकाणी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. खऱ्या संगमरवराची फरशी पुरातन पाषाणावर बसवली तरी दोष तोच राहतो. म्हणजे प्रश्न खऱ्या-खोट्या संगमरवराचा नसून कशावर आवरण घातले याचा आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी ज्या बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने पंढरपूरला जाते, त्या मार्गाच्या शेवटीच या प्रश्नाचे एक प्रत्यक्ष उत्तर मिळाले आहे. श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनकार्यात २०२४ साली मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवून गाभाऱ्यातील काम करण्यात आले आणि नंतरच्या काळात बसवलेल्या फरशा काढून मूळ पाषाणाचे रूप उघड करण्यात आले. वारकऱ्याला आज दिसतो तो काळा दगड. काळ्या विठ्ठलाच्या मंदिराला काळ्या पाषाणाची लाज वाटण्याचे कारण नव्हते, हेच या कामाने दाखवून दिले.

बारामती-इंदापूर परिसरातील गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांपुढे हाच निर्णय वारंवार येतो. अशा समित्यांवर महाविद्यालयीन प्राध्यापकांना अनेकदा सन्मानाने बोलावले जाते. म्हणून हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राच्या तासापुरता मर्यादित राहत नाही.

८. छापील संगमरवर आणि हातकामाचे भवितव्य

आज या कारागिराचा खरा प्रतिस्पर्धी संगमरवर राहिलेला नाही. त्याची जागा छापील नक्षीच्या टाइल्सनी आणि भिंतीला चिकटवण्याच्या चकचकीत पीव्हीसी शीटनी घेतली आहे. या शीटवरील शिरा खऱ्या दगडाच्या छायाचित्रावरून छापलेल्या असतात; त्यामुळे एकेक शीट स्वतंत्रपणे पाहिली तर ती रंगाऱ्याच्या कामापेक्षा अधिक 'हुबेहूब' असते. परंतु चार शीट शेजारी लावल्या की तीच शीर, तोच डाग, त्याच जागी पुन्हा दिसतो. निसर्गात न घडणारी ही पुनरावृत्ती आहे. रंगारी दगडाचा नियम अनुसरतो आणि प्रत्येक खांबावर नवा दगड घडवतो. छापयंत्र एका दगडाचे रूप घेऊन त्याच्या प्रती काढते. रस्किन यांच्या वर्गीकरणात पहिला दुसऱ्या प्रकारात मोडेल आणि दुसरे दुसऱ्या व तिसऱ्या अशा दोन्ही प्रकारांत.

हातकाम नेहमीच स्वस्त पडते असे नाही. जमीन तयार करण्यापासून व्हार्निशपर्यंतचे दिवस मोजले तर ते शीटपेक्षा महाग ठरू शकते. त्यामुळे त्याचा टिकाव किमतीवर अवलंबून ठेवता येणार नाही. त्याचे मूल्य ओळखणारा पाहणारा तयार झाला तरच ते टिकेल, आणि असा पाहणारा घडवणे हे समीक्षेचे कार्य आहे. दुर्दैवाने या कारागिरांच्या शब्दसंग्रहाची, नमुन्यांची आणि शिष्यपरंपरेची नोंद घेण्याचे काम झालेले नाही. मराठी, इतिहास, भूगोल आणि वाणिज्य या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल असा हा विषय आहे आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या परिसराबाहेर फार दूर जावे लागणार नाही.

निष्कर्ष

१. संगमरवरी रंगकामाचे मूल्यमापन 'हुबेहूब' व 'नकली' या दोन शब्दांनी होत नाही. रूपाचे अनुकरण आणि घडणीच्या नियमांचे अनुकरण यांत भेद करणे आवश्यक आहे.

२. रस्किन यांचा फसवणुकीचा आक्षेप त्यांच्याच मुलाम्याच्या अपवादामुळे मर्यादित होतो. पाहणाऱ्याची समजूत ही निर्णायक बाब ठरते.

३. चित्रतुरगन्याय येथे लागू होतो, परंतु चौकटीच्या अभावामुळे तो भ्रांती व स्पर्श यांनंतरच सिद्ध होतो.

४. साध्या द्रव्यावरील संगमरवराचा आभास ही कला आहे. घडीव पाषाणावरील संगमरवर, मग तो रंगाचा असो वा खरा, हे आवरण आहे. त्याचे समर्थन करता येत नाही.

५. छापील शीटच्या प्रसारामुळे हे हातकाम लोप पावण्यापूर्वी त्याची पद्धतशीर नोंद होणे निकडीचे आहे.

संगमरवर नसलेल्या प्रदेशात संगमरवराची आवड निर्माण होणे यात गैर काही नाही. दूरच्या वस्तूची प्रतिमा जवळ आणणे हे कलेचे जुनेच काम आहे. ती प्रतिमा आणताना पायाखालचा दगड झाकला जाऊ नये, एवढे भान मात्र रंगवणाऱ्याने आणि त्याहून अधिक रंगवून घेणाऱ्याने ठेवणे आवश्यक आहे.